कॅम्परच्या टायरला हवेचा मॉनिटर: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेल्या कॅम्परला, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय केलेल्या गाडीला, मागे डबल टायर असतात. त्यातल्या आतल्या टायरची हवा गेली तर गाडी कलत नाही, स्टिअरिंग ओढत नाही, आवाजही फारसा बदलत नाही. बाहेरचा टायर दोघांचा भार उचलत राहतो, तापतो आणि काही वेळाने तोही जातो. कारमागे ओढायच्या कॅराव्हॅनचं, म्हणजे चाकांवरच्या घराचंही तसंच. साखर कारखान्यांच्या हंगामात संकेश्वर-चिकोडी भागात उसाच्या दुहेरी ट्रॉल्या पाहिलेल्यांना हे नवीन नाही. मागच्या ट्रॉलीचं चाक बसलंय हे ट्रॅक्टरवाल्याला कळतं ते बहुधा मागून येणारा दुचाकीवाला ओरडून सांगतो तेव्हाच.

टायर प्रेशर मॉनिटर म्हणजे चाकावरच्या सेन्सरने टायरमधली हवा मोजून ड्रायव्हरसमोर आकडा दाखवणारं यंत्र. त्याचे पैसे वसूल होतात ते या दोन ठिकाणी: डबल टायरमधलं आतलं चाक आणि ओढून न्यायच्या गाडीची चाकं. दोन्हीकडे ड्रायव्हरला टायर जाणवत नाही. मागे सिंगल चाकं असलेल्या छोट्या व्हॅनला मॉनिटर उपयोगी आहे, पण तिथे पहिला खर्च त्याचा नको. चांगला हवेचा गेज, व्हॉल्व्ह आणि टायरचं वय हे आधी बघा. त्या गाडीत पुढचा टायर बसला तर हाताला कळतो, मागचा बसला तर पाठीला कळतो. गावातल्या गावात फिरणारी आणि दर आठवड्याला गेज लावून बघणारी माणसं मॉनिटरशिवाय चालवू शकतात. निपाणीहून पुणे, बेळगावहून चोर्लामार्गे गोवा, सौंदत्तीचा डोंगर, आषाढीला पंढरपूर असे लांबचे पल्ले भरलेल्या गाडीने मारणाऱ्यांनी मात्र घ्यावाच.

भारतात कॅम्परला मॉनिटरची सक्ती नाही. २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत एक सवलत आली: साडेतीन टनांपर्यंतच्या छोट्या प्रवासी गाड्यांना ट्यूबलेस टायर, मॉनिटर आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. तिचा दाखला देऊन गाडी बांधून देणारे कधीकधी स्टेपनी काढून तिथे पाण्याची टाकी बसवायला सुचवतात. ऐकू नका. ही सवलत मोठ्या ट्रॅव्हलरसाठी नाही, आणि चोर्ल्याच्या रस्त्यावर कणकुंबीच्या पुढे रात्री साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, फाटली तर दुरुस्तीचं किट काही कामाचं नाही.

आधी वजनकाटा

मॉनिटर तुम्ही भरलेल्या आकड्याशी तुलना करतो. तो आकडाच चुकीचा असेल तर यंत्र अचूकपणे चुकीचं सांगत राहील. म्हणून पहिलं काम वजनाचं, आणि कारखान्यांच्या या पट्ट्यात वजनकाट्यांना तोटा नाही.

गाडी प्रवासाला निघते तशी भरा: पाणी, गॅस, बॅटरी, एसी, सामान, माणसं. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि टाकी बहुधा मागच्या ॲक्सलच्याही मागे असते. काट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या, मग पूर्ण गाडी, मग पुढची चाकं उतरवून फक्त मागची. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या जवळ यायला हवं. फरक जास्त आला तर गाडी सपाट उभी नव्हती, पुन्हा घ्या. कॅराव्हॅन असेल तर तिच्या चाकांचं वजन जोडलेल्या अवस्थेतच घ्या. नाहीतर हुकवर येणारा भार तिच्याच चाकांवर मोजला जाईल.

आता टायरच्या साइडवॉलवरचा भार क्रमांक वाचा. समजा १०६/१०४ लिहिलंय. पहिला आकडा सिंगल चाकासाठी: १०६ म्हणजे ९५० किलो. दुसरा डबलसाठी: १०४ म्हणजे ९०० किलो. मागचे चार टायर मिळून ३,६०० किलो झाले. ही टायरची क्षमता. ॲक्सलची क्षमता गाडीच्या पाटीवर वेगळी लिहिलेली असते आणि दोन्हीत जी कमी ती धरायची. मागचं वजन तिच्याजवळ गेलं असेल तर आधी सामान कमी करा. भार कमी झाल्याशिवाय कुठलाही मॉनिटर टायर वाचवणार नाही.

थंड टायरमध्ये किती हवा, हे गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर किंवा टायर कंपनीच्या भार-तक्त्यात मिळतं. साइडवॉलवरचा कमाल आकडा हा भरायचा आकडा नव्हे. ती मर्यादा आहे.

टायरचं वयही आत्ताच बघून घ्या. साइडवॉलवर चार अंक असतात. २३२१ असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा. कॅम्परचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण गाडी वर्षातले बरेच महिने अंगणात उन्हात उभी असते. पाच वर्षांनंतर दरवर्षी उतरवून आतून तपासा, सात वर्षांनंतर नक्षी कितीही शाबूत असली तरी बदला. पुढच्या चाकाला रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर, लावू नका. जुन्या रबराचे थर सुटू लागले तर हवा शेवटच्या क्षणापर्यंत पूर्ण असते. मॉनिटरवर आकडा हिरवा असतानाच टायर फुटतो.

व्हॉल्व्ह बदलल्याशिवाय सेन्सर लावू नका

या सगळ्यात सर्वात जास्त दुर्लक्ष व्हॉल्व्हकडे होतं.

बाहेरून लावायचा सेन्सर व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसतो. तो बसला की आतली पिन सतत दाबलेली राहते, तशी दाबल्याशिवाय त्याला हवेचं प्रेशर मोजताच येत नाही. म्हणजे टायरची हवा आता पिनने नव्हे तर सेन्सरमधल्या छोट्या रबरी वॉशरने धरलेली असते. वॉशर खराब झाला, आटे तिरके बसले किंवा दगड लागून सेन्सर फुटला, तर हवा थेट बाहेर. पंक्चरपासून सावध करायला लावलेली वस्तूच पंक्चर करते.

दुसरी गोष्ट वजनाची. सेन्सर साधारण १० ग्रॅमचा असतो, पण चाक फिरताना तो बाहेरच्या दिशेने त्याच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ देतो. रबरी व्हॉल्व्ह त्या ओढीने मुळाशी वाकत राहतो, पुन्हा सरळ होतो, पुन्हा वाकतो. उन्हाने कडक झालेल्या जुन्या व्हॉल्व्हला मुळाशी चीर पडते. ती चीर बोटाने व्हॉल्व्ह आडवा वाकवल्याशिवाय दिसत नाही.

तिसरी गोष्ट प्रेशरची. नेहमीचे दाबून बसवायचे रबरी व्हॉल्व्ह, टीआर ४१३ किंवा ४१४, थंड टायरमध्ये ६५ पीएसआयपर्यंतच (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) चालतात. मागच्या टायरला ६० लागत असेल तर आधीच काठावर आहात.

म्हणून बाहेरचा सेन्सर लावायचा असेल तर नटने कसायचे धातूचे व्हॉल्व्ह आधी बसवून घ्या. दुकानात जाताना डिस्कच्या, म्हणजे टायर बसतो त्या धातूच्या चाकाच्या, भोकाचं माप माहीत असू द्या. दाबून बसणाऱ्या साध्या व्हॉल्व्हचं भोक ११.५ मिलिमीटरचं असतं. नट किती कसायचा ते पाकिटावर लिहिलेलं असतं. जास्त कसला तर खालचा रबरी वॉशर चिरडतो आणि दोन महिन्यांनी गळायला लागतो. शक्यतो पितळी व्हॉल्व्ह घ्या. ॲल्युमिनियमचा दांडा आणि त्यावर पितळी आटे असं मिश्रण झालं, वर गोव्याची खारी हवा आणि पावसाळा लागला, की दोन धातू एकमेकांना धरून बसतात. मग सेन्सर काढायला पक्कड लावली की दांडाच तुटून हातात येतो. ॲल्युमिनियमच असेल तर आतली पिन निकेल मुलामा दिलेली हवी.

डबल टायरमध्ये आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह बाहेरच्या डिस्कच्या भोकातून गाठावा लागतो. सोपा उपाय म्हणून लवचिक नळीचं एक्स्टेन्शन लावतात आणि तिच्या टोकाला सेन्सर. हे करू नका. नळी हलते, दोन्ही टोकांचे आटे सैल होतात, आणि गळती टायरची की नळीची हे शोधण्यात दिवस जातो. लांब, वाकवलेला, एकसंध धातूचा व्हॉल्व्ह महाग पडतो पण एकदाच बसवावा लागतो. मागची चाकं चढवताना आतला आणि बाहेरचा व्हॉल्व्ह एकमेकांच्या समोर, म्हणजे १८० अंशांत ठेवायला सांगा. दोन्हीपर्यंत हात पोचतो.

आणि टायरमध्ये ट्यूब असेल तर? बाहेरचा सेन्सर ट्यूबच्या व्हॉल्व्हवर बसतो, आकडाही दाखवतो. पण ट्यूबला खिळा लागला की हवा झटकन जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतून राहतो आणि हवा तासन्‌तास थोडीथोडी जाते. मॉनिटरला सावध करायला वेळ मिळतो तो ट्यूबलेसमध्ये. डिस्क ट्यूबलेसच्या लायकीची असेल तर मॉनिटरआधी त्याचा विचार करा.

कुठला सेन्सर

काही कारमध्ये कंपनीकडूनच जो मॉनिटर येतो, तो बऱ्याचदा एबीएसवरून (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकाचा वेग मोजून अंदाज बांधणारा असतो. त्याला आकडा कळत नाही, आणि मागे ओढलेल्या कॅराव्हॅनचा त्याला पत्ताच नसतो. कॅम्परला प्रत्येक चाकात स्वतंत्र सेन्सर असलेलाच मॉनिटर हवा.

त्यात दोन जाती: बाहेरचा, टोपीसारखा, आणि आतला, टायरच्या आत व्हॉल्व्हच्या बुडाशी बसणारा. बाहेरच्याची बॅटरी, बहुधा सीआर १६३२, तुम्ही घरी बदलू शकता आणि ती वर्ष-दोन वर्षं चालते. तो चोरीला जातो, फांदीला किंवा दगडाला अडकतो, आणि हवा भरताना प्रत्येक वेळी काढावा लागतो. आतला यातल्या कुठल्याच भानगडीत पडत नाही. त्याची बॅटरी पाच-सात वर्षं चालते, पण ती सीलबंद असते. संपली की सेन्सर फेकायचा. तो बसवायला टायर उतरवावा लागतो, त्याचं वजन २५-३० ग्रॅम असल्याने चाक पुन्हा बॅलन्स करावं लागतं, आणि पंक्चरवाल्याने टायर सोडवताना व्हॉल्व्हच्या बाजूनेच पट्टी घातली तर तो तुटतो. टायर ट्यूबलेस आणि नवे बसवायचेच असतील तर आतला घ्या. टायर आणखी दोन वर्षं चालणार असतील तर धातूचे व्हॉल्व्ह आणि बाहेरचा. ट्यूब असेल तर बाहेरचाच, दुसरा पर्याय नाही.

विकत घेताना डब्यावर चार गोष्टी बघा. सेन्सर किती प्रेशरपर्यंत मोजतो: कारसाठीची स्वस्त किट अनेकदा ५०-६० पीएसआयच्या पुढे अलार्म लावू देत नाहीत. कॅम्परला निदान ८ बार, म्हणजे सुमारे ११६ पीएसआयचा हवा. प्रत्येक ॲक्सलला वेगळा आकडा लावता येतो का: पुढे ५० आणि मागे ६० असेल तर एकाच आकड्याचा मॉनिटर बिनकामाचा. किती सेन्सर जोडता येतात: सहा चाकं आणि स्टेपनी मिळून सात, कॅराव्हॅन असेल तर आणखी दोन किंवा चार. स्टेपनीला सेन्सर लावणं चैन वाटते, पण गाडीखाली लटकलेल्या स्टेपनीची हवा कुणी बघत नाही आणि गरज पडते तेव्हा ती बसलेली असते. चौथी गोष्ट फ्रिक्वेन्सी. ४३३ मेगाहर्ट्‌झचा घ्या. अमेरिकेतून मागवलेली किट कधीकधी ३१५ ची असतात, मग इथे एक सेन्सर हरवला तर जोडीचा मिळत नाही. फक्त ब्लूटूथवर मोबाइलला जोडणारे स्वस्त सेन्सर लांब गाडीत मागच्या चाकाशी संपर्क टिकवत नाहीत, आणि नकाशा चालू असताना ॲप मागे झोपतं.

पत्र्याच्या लांब बॉडीतून सिग्नल कमजोर होतो. पाच मीटरपेक्षा लांब गाडी असेल किंवा मागे कॅराव्हॅन असेल तर रिपीटर, म्हणजे सेन्सरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, असलेलंच किट घ्या. रिपीटर मागच्या ॲक्सलजवळ, पत्र्याच्या पेटीत नव्हे तर प्लास्टिकच्या पॅनेलमागे, इन्व्हर्टरपासून निदान मीटरभर लांब, फ्यूज लावून १२ व्होल्टवर जोडा. कॅराव्हॅनमध्ये तो पुढच्या भिंतीवर.

डॅशबोर्डवरचा सोलर डिस्प्ले इथल्या जून-सप्टेंबरमध्ये सूर्यावर चार्ज होईल अशी अपेक्षा धरू नका. काळी फिल्म असेल तर उन्हाळ्यातही नाही. यूएसबीची वायर ओढून ठेवा. मे महिन्यात गाडी उन्हात उभी असेल तेव्हा डिस्प्ले काढून कप्प्यात ठेवा, नाहीतर आतली लिथियम बॅटरी फुगते.

बसवताना

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना हे काम करा. थंड टायर म्हणजे निदान तीन तास न चाललेला आणि ऊन न लागलेला. एका बाजूला ऊन आलं असेल तर त्या बाजूचे टायर दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतील.

स्वतःच्या गेजने सगळे टायर स्टिकरच्या आकड्यावर आणा. पेट्रोल पंपाच्या मशीनवर विसंबू नका, आणि १२ व्होल्टच्या छोट्या कॉम्प्रेसरच्या डब्यावर १५० लिहिलंय म्हणून तो ६० पर्यंत सहज भरेल असंही नाही. लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर ५० च्या पुढे धापा टाकतो. क्लिपा थेट बॅटरीला लागणारा घ्या आणि दोन टायरनंतर त्याला थंड होऊ द्या.

आतले सेन्सर असतील तर टायर चढवण्याआधी प्रत्येक सेन्सरवरचा आयडी क्रमांक आणि तो कुठल्या चाकात गेला याचा फोटो काढून ठेवा. टायर बसल्यावर तो क्रमांक वाचता येत नाही, आणि पुढे डिस्प्ले बदलायची वेळ आली तर तोच लागतो. डिस्कवर ‘आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हपासून दूर पट्टी घाला’ असं ऑइल पेंटने लिहा. बेळगावात मराठीत, धारवाडकडे जाणार असाल तर कन्नडमध्येही. टायरमध्ये पंक्चरचं लिक्विड भरू देऊ नका, सेन्सरचं भोक बुजतं.

बाहेरचे सेन्सर एकेक करून डिस्प्लेला शिकवा. डिस्प्लेवर चाकाची जागा निवडा, शिकण्याचा मोड चालू करा, सेन्सर व्हॉल्व्हवर फिरवा, आकडा आला की पुढच्या चाकाकडे. सगळे सेन्सर एकदम जवळ ठेवून हे केलं तर जागा उलटसुलट होतात. सेन्सर हातानेच कसा, पक्कड नको. आटे पहिल्या वळणापासून सहज गेले पाहिजेत. अडले तर उलटे फिरवून पुन्हा लावा. नंतर साबणाचं पाणी सेन्सरच्या बुडाशी आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी लावून मिनिटभर बघा. बारीकसा बुडबुडाही चालणार नाही. चोरीपासून वाचवणारा नट लावलात तर त्याचा छोटा पाना किल्लीच्या जुडग्यात अडकवा. महामार्गावर हत्तरगीला हवा भरायला थांबलात आणि पाना घरी राहिला तर टायर भरता येणार नाही.

मागची चाकं जॅकवर उचलून हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. सेन्सर डिस्कच्या भोकाच्या कडेला किंवा ब्रेकच्या कुठल्या भागाला घासत नाही ना, बघा. मग सेन्सरचा आकडा गेजशी ताडून पाहा. एक-दोन पीएसआयचा फरक आला तर सेन्सर खराब ठरवू नका. बहुतेक सेन्सर निरपेक्ष दाब मोजतात आणि त्यातून समुद्रसपाटीचा हवेचा दाब वजा करून आकडा दाखवतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे, इथे बाहेरचा दाबच १ पीएसआयहून थोडा अधिक कमी आहे. म्हणून सगळी चाकं सारखीच थोडी कमी दाखवतात. एकच चाक वेगळं दाखवत असेल तर मात्र तो सेन्सर किंवा ती जागा तपासा.

अलार्मचे आकडे

मॉनिटरच्या कंपनीकडून येताना अलार्म बहुधा कारच्या हिशोबाने लावलेले असतात. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे दिवा शिफारस केलेल्या प्रेशरच्या २५ टक्के खाली लागतो. भरलेल्या डबल टायरला ते फार उशिराचं आहे. ट्रकच्या धंद्यात २० टक्के खाली चाललेला टायर हवा नसलेलाच धरतात आणि उतरवून आतून तपासतात.

खालचा अलार्म थंड आकड्याच्या १५ टक्के खाली ठेवा. मागे ६० असेल तर ५१, पुढे ५० असेल तर ४३. १० टक्क्यांवर ठेवायचा मोह होतो, पण मग हिवाळ्यात रोज पहाटे तो उगाच वाजेल. ६० पीएसआयच्या टायरमध्ये दर १० अंशांना सुमारे अडीच पीएसआयचा फरक पडतो. मेच्या दुपारी ३६ अंशांत भरलेला टायर डिसेंबरच्या पहाटे १४ अंशांत पाच पीएसआयने खाली दिसतो, काहीही गळत नसताना. उगाच वाजणारा अलार्म माणूस चार दिवसांत बंद करून टाकतो, आणि मग तो असून नसल्यासारखा. म्हणून ऋतू बदलला की थंड हवा पुन्हा आकड्यावर आणा.

वरचा अलार्म २५ टक्के वर: ६० ला ७५, ५० ला ६३. तापमानाचा अलार्म ७० अंश.

चालवताना आकडे कसे वाचायचे

निघाल्या निघाल्या दिसणारा आकडा काल रात्रीचा असू शकतो. उभ्या गाडीत सेन्सर झोपतात. चाकं फिरू लागल्यावर काही मिनिटांनी ताजा आकडा येतो. म्हणून लांब निघताना गेज लावणं सुटत नाही.

पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात सगळे आकडे वर जातात. ६० चे ६६ ते ६९ होणं साधारण आहे. २० टक्क्यांच्या वर जायला लागले तर भार जास्त आहे किंवा सकाळी हवाच कमी होती. हे थोडं उलटं वाटतं, पण हवा कमी असलेला टायर जास्त वाकतो, म्हणून जास्त तापतो, म्हणून त्याचा आकडा जास्त वेगाने वर चढतो. गरम टायरमधून हवा सोडू नका. सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कमी हवेचा टायर असेल.

एकेका आकड्यापेक्षा जोडीकडे बघायची सवय लावा. सगळी चाकं एकत्र वर किंवा खाली गेली तर हवामान किंवा घाट. एका ॲक्सलचं एकच चाक जोडीदारापेक्षा खाली सरकतंय तर गळती. एकच चाक जोडीदारापेक्षा १५-२० अंश जास्त तापतंय आणि त्याची हवा ठीक आहे तर ब्रेक धरलाय किंवा बेअरिंग जातंय. कॅराव्हॅनमध्ये ही शेवटची सूचना पंक्चरच्या सूचनेपेक्षाही मोलाची, कारण तिच्या बेअरिंगचा आवाज ड्रायव्हरपर्यंत येत नाही. बाहेरचा सेन्सर वाऱ्यावर असल्याने तापमान खरं असतं त्यापेक्षा कमी दाखवतो. तिथे नुसत्या आकड्यावर जाऊ नका, जोडीतल्या फरकावर जा. डबल टायरच्या जोडीत ५ पीएसआयपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. कमी हवेचा टायर परिघाने लहान होतो, दोघं एकाच हबला बांधलेले असल्याने एक दुसऱ्याला फरफटत नेतो आणि दोन्ही झिजतात.

चोर्ला किंवा आंबोली उतरताना मागच्या-पुढच्या चाकांचं तापमान चढत जाईल, विशेषतः आतले सेन्सर असतील तर, कारण ते डिस्कला टेकलेले असतात आणि ब्रेकची उष्णता डिस्कमधून येते. अलार्म वाजला तर तो टायरचा दोष नाही, तुमच्या उतरण्याच्या पद्धतीचा आहे. खालच्या गिअरवर या, ब्रेक दाबून धरू नका, रुंद जागा बघून पंधरा-वीस मिनिटं थांबा. गरम चाकावर पाणी ओतू नका. गोव्यात समुद्रसपाटीला पोचल्यावर बाहेरचा दाब वाढल्यामुळे गेजवर एक-सव्वा पीएसआय कमी दिसेल. तिथल्या उष्णतेने ते भरून निघतं, लगेच हवा भरायला धावू नका.

अलार्म वाजला तर

आकडा किती वेगाने उतरतोय ते बघा. मिनिटाला एखादा पीएसआय जात असेल तर वेग ४० वर आणा, पुढच्या धाब्यावर किंवा पंपावर थांबा. डोळ्यांदेखत पाच-दहा खाली जात असेल तर ॲक्सिलरेटर सोडा, इंडिकेटर द्या, ब्रेक हलकेच, स्टिअरिंग सरळ धरून डावीकडे या. कॅराव्हॅन मागे असेल तर झटका देऊन ब्रेक लावणं म्हणजे तिला आडवं व्हायला सांगणं. महामार्ग ४८ वर तवंदी किंवा वंटमुरी घाटाच्या वळणात थांबू नका, गाडी घसटत घेऊन सरळ भागात आणा. डिस्क वाकली तर वाकली. मदतीला महामार्गाचा १०३३, इतर ठिकाणी ११२. चोर्ल्याच्या रस्त्यावर जांबोटी सोडल्यावर घाट उतरेपर्यंत पंक्चरचं दुकान मिळेलच असं धरून चालू नका.

थांबल्यावर आधी सेन्सरच्या बुडाशी थुंकी किंवा साबण लावून बघा. गळती तिथेच असेल तर सेन्सर काढा, साधी टोपी लावा, हवा भरा, चला. म्हणून खिशात सहा साध्या टोप्या, दोन-तीन पिना आणि पिन काढायचा पाना असू द्या. तिथे नसेल तर खिळा शोधा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या रस्त्यांवरून गाडी काढली असेल तर लेथची कुरळी बर, म्हणजे धातूचा कीस, नक्षीत रुतलेली सापडू शकते.

२० टक्क्यांपेक्षा खाली जाऊन टायर थोडाही चालला असेल तर नुसती हवा भरून निघू नका. उतरवून आत हात फिरवा. काळी रबराची पूड किंवा साइडवॉलवर गोल फिरलेली घडी दिसली तर तो टायर गेला. अशा टायरमध्ये हवा भरताना साइडवॉल फाटू शकते, तिच्यासमोर उभं राहू नका. डबलमधला एक असा गेला असेल तर त्याच्या जोडीदारालाही त्याच वेळी उतरवून बघा, भार त्यानेच उचललेला होता.

आकड्याऐवजी रेघा दिसू लागल्या तर ते पंक्चर नव्हे, सिग्नल गेलाय. बॅटरी, रिपीटरचा फ्यूज, किंवा शेजारी लावलेला स्वस्त यूएसबी चार्जर वा डॅशकॅम, या क्रमाने तपासा. तरीही थांबून चाक एकदा डोळ्यांनी बघाच.

देखभाल

बाहेरच्या सेन्सरच्या बॅटऱ्या मेअखेरीस सगळ्या एकदम बदला. रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा हात द्या आणि आट्यांवर तांब्याचं ग्रीस किंचित लावा. दर महिन्याला सेन्सर काढून परत लावला तर तो चिकटत नाही. चाकं पुढची मागे केली की सेन्सरही आपल्या जागेवर परत आणा, त्यासाठी त्यांच्यावर ऑइल पेंटने १ ते ७ आकडे घाला. कॅराव्हॅन घरी सोडून निघताना डिस्प्लेवर तिची चाकं बंद करा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बाहेरचे सेन्सर काढून साध्या टोप्या लावून ठेवा: बॅटरी वाचते, चोरी टळते, आणि पिन पुन्हा आपलं काम करू लागते.